मुक्त व्यापाराचे करार आणि आपलें सोयाबीन

दोन किंवा अधिक राष्ट्रांनीं परस्परांच्या मालावरील आयातकर कमी अगर माफ करण्याचें लेखी ठरविलें, म्हणजे त्यास मुक्त व्यापाराचा करार म्हणतात. अशा करारानें सर्वांचेंच हित होतें काय, हा वादाचा विषय आहे. धाराशिव जिल्ह्याचें मुख्य खरीप पीक सोयाबीन असल्यामुळें आपणांस तो दूरचा नाहीं.

कराराचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, ज्या देशांत जो माल स्वस्त निपजतो तो त्यानें काढावा व अदलाबदल करावी. गिऱ्हाइकास स्वस्ताई व उत्पादकास मोठी पेठ लाभते. हें म्हणणें खोटें नाहीं. भारत निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. तें न आल्यास गरिबाची फोडणी महागेल. शिवाय सोयाबीनांत तेल शेंकडा १८ ते २० च असतें. उरते ती बहुतेक पेंड, आणि ती बांगलादेश, नेपाळ वगैरे देशांत जाते. तीं दारें खुलीं असण्यांत आपलाही लाभ आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. सप्टेंबर २०२४ मध्यें भारत सरकारनें कच्च्या सोयाबीन तेलावरील एकूण आयातकर शेंकडा ५.५ वरून २७.५ व शुद्ध तेलावरील १३.७५ वरून ३५.७५ केला. परंतु २००६ पासून अंमलांत असलेल्या दक्षिण आशियाई करारान्वयें नेपाळहून शुद्ध तेल करावांचून येऊं लागलें. नेपाळांत सोयाबीन फारच थोडें पिकतें. परदेशांतून कच्चें तेल आणावयाचें, तेथें शुद्ध करावयाचें व इकडे पाठवावयाचें, असा तो व्यवहार. त्यांत गिरणीवाल्यांचें साधलें. आपल्या तिजोरीचा कर बुडाला आणि नेपाळच्या कुणब्यासही विशेष कांहीं मिळालें नाहीं. त्या हंगामांत हमीभाव क्विंटलीं ४,८९२ रुपये असतां लातूर-धाराशिवच्या बाजारांत भाव त्याखालीं राहिला.

तथापि सर्व दोष कराराच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. जगांतही पेंड स्वस्त झाली होती. आणि ३० मे २०२५ रोजीं, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरील कर १६.५ वर उतरला, तो आपल्याच सरकारच्या निर्णयानें. भेद इतकाच कीं, स्वतः उतरविलेला कर पुन्हा चढवितां येतो. करारानें सोडलेला सहसा येत नाहीं. आपला जिल्हा ज्या निजामी राज्यांत होता, त्यानें १८०२ सालीं इंग्रजांशीं व्यापारी तह करून जकात शेंकडा ५ वर बांधून घेतली. पुढें ती वाढविण्याची मुखत्यारी दुर्बळ पक्षास उरली नाहीं.

तात्पर्य, करार चांगला कीं वाईट हें त्याच्या कलमांवरून ठरतें. कोणताही नवा करार होऊं लागल्यास आपण तीन गोष्टी विचाराव्या: माल खरोखर कोठें पिकला याची पारख कशी होणार? आयात अकस्मात वाढल्यास कर पुन्हा बसवितां येईल काय? आणि आपल्या पेंडीस व द्राक्षांस तिकडे तितकीच मोकळी वाट आहे काय? हे प्रश्न सह्या होण्यापूर्वीं आपल्या लोकप्रतिनिधींपुढें लेखी मांडावे. मागाहून ओरड करून उपयोग थोडा.