काशी विद्यापीठाचा निधी आणि विश्वस्तवृत्ती
वाराणसीचे शिवप्रसाद गुप्त (1883-1944) यांना संपत्ती वारशाने मिळाली होती. आपल्या कष्टाने उभ्या राहिलेल्या उद्योजकांच्या पंक्तीत त्यामुळे त्यांना बसविता येत नाही. परंतु खासगी संपत्तीचे सार्वजनिक संस्थेत रूपांतर कसे होते, हे समजून घेण्यासाठी त्यांच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच आढळते.

असहकाराच्या काळात सरकारी मान्यतेच्या शिक्षणसंस्थांवर बहिष्कार पुकारण्यात आला. मग विद्यार्थ्यांनी शिकावयाचे कोठे? या प्रश्नातून 10 फेब्रुवारी 1921 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते काशी विद्यापीठाची स्थापना झाली. गुप्त यांनी त्यासाठी 10 लाख रुपयांचा निधी दिला. दानाचे स्वरूप येथे महत्त्वाचे आहे. दरवर्षीची देणगी दात्याच्या मर्जीवर अवलंबून असते. कायम निधीत मूळ रक्कम अबाधित ठेवून केवळ उत्पन्न खर्च करावयाचे असते. 5 टक्के परतावा गृहीत धरला, तर 10 लाखांवर वर्षाला 50 हजार रुपये मिळतील. सरकारी अनुदान नाकारणाऱ्या संस्थेला स्वायत्तता टिकविण्यासाठी असाच आधार लागतो. याच विद्यापीठातून लालबहादूर यांनी 1925 मध्ये ‘शास्त्री’ पदवी घेतली व ती पुढे त्यांच्या नावाचाच भाग झाली.

गुप्त यांनीच 1920 मध्ये ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू केले. काशीत जन्मलेले मराठी भाषक बाबूराव विष्णू पराडकर त्याचे दीर्घकाळ संपादक होते. हिंदीत ‘मुद्रास्फीति’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. मराठीत त्यालाच आपण चलनवाढ म्हणतो. काशीतील भारतमाता मंदिराचे बीजही महाराष्ट्रात सापडते. पुण्यात महर्षी कर्वे यांच्या आश्रमात मातीचा उठावाचा नकाशा पाहून गुप्त यांना ती कल्पना सुचली. 1936 मध्ये गांधीजींच्या हस्ते खुल्या झालेल्या या मंदिरात मूर्ती नाही. अखंड भारताचा संगमरवरी नकाशा आहे.

कायम निधीची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. उत्पन्न रुपयांत ठरलेले असले, की चलनवाढीबरोबर त्याची क्रयशक्ती घटते. विद्यार्थी व विषय वाढले, की खर्च मात्र वाढतच जातो. काशी विद्यापीठाला 1963 मध्ये अभिमत विद्यापीठाचा, तर 1974 मध्ये राज्य विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्वतंत्र भारतात शासनापासून दूर राहण्याचे मूळ कारण अर्थातच उरले नव्हते.

धनिकाने स्वतःस संपत्तीचा विश्वस्त मानावे, हा गांधीजींचा विचार स्वेच्छेवर आधारलेला होता. कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 ने त्याला वैधानिक जोड दिली. निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. मात्र तिचा भर वार्षिक खर्चावर आहे, आणि नफा घटला की ही रक्कमही घटते.