पिवळी न झालेली नळी

मागच्या महिन्यात आमच्या मालाडच्या नाक्यावरचं आरेचं दूध केंद्र उचललं. त्या टपरीत अलीकडे दुधापेक्षा वेफर्सच जास्त खपायचे, त्यामुळे कुणी हळहळलंही नाही. झोंबलं ते दुसरंच. त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये काचेच्या बाटल्या यायला लागल्या. लेबलवर लिहिलंय: कच्चं दूध, जिवंत एन्झाइम्ससकट! ही एन्झाइम्स नीट मेली का, हे बघण्यात माझी उमेदीची दहा वर्षं गेली.

1949 साली शेजारच्या गोरेगावात आरे दूध वसाहत वसली, दारा खुरोडींनी शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी तिथे हलवल्या, 1963 साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढच्या बाटल्या, कार्डं, पहाटेच्या रांगा यांवर लोक इतकं गहिवरून लिहितात की मी हात जोडतो.

माझं दशक 1978 ते 1988. एका डेअरीची प्रयोगशाळा, पहाटेची पाळी, हाताला कायम आंबूस वास. दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम जात्याच असतं (शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात, प्रयोगशाळेत कुणी म्हणत नाही). त्याच्या रेणूची एक ठरावीक घडी असते आणि सगळं काम त्या घडीवर. 63 अंशांना अर्धा तास किंवा 72 अंशांना 15 सेकंद ठेवलं की घडी विस्कटते, काम थांबतं. क्षयाचा जंतू त्याच्या जरा आधीच मरतो. म्हणून जंतू शोधत बसायचं नाही, एन्झाइमला विचारायचं. नळीत रसायन, त्यात मिलिलिटरभर दूध, 37 अंशांना दोन तास. नळी पिवळी झाली तर दूध कच्चं राहिलंय, नाहीतर कच्चं मिसळलंय. शंभर लिटरमध्ये पाव लिटर मिसळलं तरी नळी चहाडी करायची.

दुसरा साक्षीदार पेरॉक्सिडेज. हे जास्त चिवट, जायला 80 अंशांच्या आसपास उष्णता लागते. फॉस्फटेज गेलेलं आणि पेरॉक्सिडेज शाबूत, म्हणजे दूध बेताचंच तापलंय. इतका नेमका पुरावा मला पुढे कुठल्याच नोकरीत मिळाला नाही.

1983 च्या पावसाळ्यात एका पहाटे नळी पिवळी झाली. पुन्हा केली, पुन्हा पिवळी. साहेब म्हणाले, "निगेटिव्ह लिहा हो, लोक घरी उकळतातच." मी लिहिलं नाही. गाड्या तरी सुटल्याच, आणि माझी बढती पुढची तीन वर्षं अडली. साहेबांचं नाव लिहीत नाही, पण त्यांच्या पानसुपारीचा डबा अजून डोळ्यांसमोर आहे. खरं बोचलं ते वेगळंच: आमची आई पिशवीतलं पाश्चराइज्ड दूधही खळाखळा उकळायची, साय धरेपर्यंत. माझ्या नळीला तिच्या लेखी काडीची किंमत नव्हती.

आणि आता हे जिवंत एन्झाइम्सचं खूळ. कच्च्या दुधातून ब्रुसेलाचा जंतूही येतो, क्षयही येऊ शकतो. लेबलवर त्यांचा उल्लेख नाही. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "काका, तुम्ही जुन्या विचारांचे." परवा त्यांच्याकडे चहाला गेलो. सासूबाईंनी तेच महागाचं दूध गॅसवर ठेवलं होतं आणि ते नुकतंच उतू गेलं होतं. सूनबाई ओटा पुसत होत्या. मी दोन कप चहा प्यायलो.