चेहऱ्याला उजेड हवा

आमचा एक जुना सोबती गेला, तेव्हा हार घालायला घरात त्याची तसबीर नव्हती. ओळखपत्रावरचा, झोताने डोळे बारीक झालेला चेहराच मोठा करून घ्यावा लागला. तेव्हापासून निवृत्त होणाऱ्या प्रत्येक कामगाराचे छायाचित्र मी युनियनच्या खोलीत, दाराच्या उजेडात काढतो.

तयारी थोडी, पण आधी करायची. आदल्या दिवशी त्याच वेळी जागा पाहून यावी. भर दुपारी उघड्यावर बसवू नये. ऊन डोक्यावरून येते आणि डोळ्यांत सावली पडते. थेट ऊन न येणारी खिडकी किंवा दार निवडावे. खोलीतले दिवे मालवावेत, नाहीतर चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड मिसळतो. माणसाला दोन हातांवर, जरा तिरपे बसवावे. दूर सरकताच उजेड मंदावतो. अंधाऱ्या गालाकडे पांढरे धोतर धरावे.

कलकत्त्यात जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कॅमेरा मिळाला. इंग्लंडमधल्या आपल्या घरी कोंबड्यांच्या खुराड्याचे त्यांनी काचघर केले आणि तिथल्या उजेडात थोरामोठ्यांचे चेहरे टिपले. आपल्या चाळीच्या खोलीलाही दार असतेच. उद्या सकाळी वडिलांना तिथे बसवा.