बंदुकीचा आवाज आणि आपले कान

दिल्लीच्या दक्षिणेस, अरवलीच्या ठेंगण्या टेकड्यांच्या परिसरात, गुरुग्राम जिल्ह्यात कादरपूर नावाचे गाव आहे. तेथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे नेमबाजीचे मैदान आहे. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीस राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा मोठ्या नळीच्या रायफलींचे सामने याच मैदानावर झाले. (जिल्ह्याचे नाव त्या वेळी गुडगाव होते, ते २०१६ साली बदलले.) याच स्पर्धांत पिस्तुले व लहान नळीच्या रायफली यांचे सामने दिल्लीतील तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंह मैदानावर झाले आणि तेथे राही सरनोबत व अनिसा सय्यद या महाराष्ट्रातील दोघींनी २५ मीटर पिस्तुलाच्या जोडीच्या सामन्यात सुवर्णपदक मिळविले. अशा सामन्यांत नेमबाजांच्या कानांवर जाड आच्छादने किंवा कानांत बुचे दिसतात. चित्त एकाग्र व्हावे म्हणून ही योजना असावी, असे पाहणारास वाटते. एकाग्रतेस तिची मदत होतेही; परंतु तिचे खरे कारण निराळे आहे.

चाप ओढल्याबरोबर काडतुसातील दारू पेटते व तिचा प्रचंड दाबाचा वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडली की तिच्या मागोमाग हा कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो आणि सभोवारच्या हवेस जबर तडाखा देतो. हाच बंदुकीचा बार. रायफलीची गोळी बहुधा ध्वनीपेक्षाही वेगाने जाते. त्यामुळे तिच्या मार्गाच्या दोहों बाजूंस आणखी एक आघात-लहर पसरत जाते. म्हणून नळीपासून दूर, लक्ष्याजवळच्या खंदकात बसलेल्यालाही डोक्यावरून जाणाऱ्या गोळीचा कडाका ऐकू येतो.

या तडाख्याचे माप डेसिबलमध्ये करतात. हे माप साध्या पट्टीसारखे नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते; वीस वाढले की शंभरपट. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. लहान नळीच्या, म्हणजे .२२ च्या रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाशी १४० च्या आसपास भरतो. मोठ्या रायफली, पिस्तुले आणि बारा बोअरच्या बंदुका १५० ते १६५ पर्यंत, कधी त्याहूनही वर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनानुसार अशा क्षणिक आवाजाचे शिखर प्रौढांच्या कानी १४० च्या व मुलांच्या कानी १२० च्या वर केव्हाही जाऊ नये. याचा अर्थ असा की, जी रायफल ‘लहान’ म्हणून राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलामुलींच्या हाती देतात, तीही उघड्या कानांनी चालविण्याजोगी नाही. घरगुती तुलना हवी असेल तर फटाक्यांची घ्यावी. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरांवर ज्याचा आवाज १४५ डेसिबलचे शिखर ओलांडतो, अशा फटाक्यास आपल्या देशातील नियमांनी मनाई आहे. रायफलीचा दस्ता मात्र नेमबाजाच्या गालाला टेकलेला असतो आणि नळीचे तोंड त्याच्या कानापासून जेमतेम मीटरभर दूर असते.

हा तडाखा कानात कोठे बसतो ते आता पाहू. कर्णपटलाची थरथर हातोडा, ऐरण व रिकीब या तीन इवल्या हाडांतून अंतःकर्णात पोचते. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल अशी, द्रवाने भरलेली नळी आहे. तिच्यात ओळीने बसलेल्या पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचे झुबके असतात, म्हणून त्यांना केशपेशी म्हणतात. एका कानात त्यांची संख्या पंधरा-सोळा हजार. एवढ्या भांडवलावर माणसाने जन्मभर ऐकावयाचे असते. पक्ष्यांच्या कानात नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. मनुष्याच्या व इतर सस्तन प्राण्यांच्या कानात त्या उगवत नाहीत.

निसर्गाने कानास संरक्षण दिलेले नाही असे नाही. मोठा आवाज होताच मध्यकर्णातील एक चिमुकला स्नायू रिकीब-हाड ताणून धरतो व आत जाणारा ध्वनी काहीसा कमी करतो. मेघगर्जनेसारख्या हळूहळू चढणाऱ्या आवाजाला हा उपाय लागू पडतो. बंदुकीपुढे तो निरुपयोगी ठरतो. कारण स्नायू आवळण्यास सेकंदाचे काही शतांश तरी लागतात, तर बाराचे शिखर एक-दोन सहस्रांशांतच येऊन गेलेले असते. चोर निघून गेल्यावर दार लावावे, तसे हे होते.

येथे एका जुन्या समजुतीचा विचार केला पाहिजे. चांदमारीच्या मैदानावर मुरलेली मंडळी नवख्याला सांगतात, “पहिल्यांदा कान दणाणतात, मग सरावतात.” अनुभव खरा आहे, अर्थ मात्र चुकीचा आहे. पहिल्या दिवशी कानांत शीळ वाजते, कापूस कोंबल्यासारखे बधिर वाटते आणि रात्रभरात बहुधा ते ओसरते. पुढे पुढे बार तितकासा बोचत नाही. पण तो कान तयार झाल्यामुळे नव्हे, तर ज्या पेशींना तो बोचावयाचा त्याच कमी झाल्यामुळे. बरे, बधिरपणा गेला म्हणजे सारे पूर्ववत् झाले असेही नाही. अमेरिकेत शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत् झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या. परंतु त्या पेशी व श्रवणतंतू यांना जोडणारे पुष्कळसे सांधे कायमचे तुटून गेले.

हानी होते तीही एका ठराविक जागी. सेकंदास ४००० कंपनांच्या आसपासचे स्वर आधी हरपतात. जड, घुमणारे स्वर शाबूत राहिल्यामुळे मनुष्याला आपण बहिरे होत आहो हे कळतच नाही. त्याला आवाज ऐकू येतो, शब्द उमगत नाही. स्वरांचा नाद पोचतो, पण स, श, च, त, थ यांसारख्या व्यंजनांची बारीक धार बोथट होते. साठ, पाठ, काठ व ताठ हे त्याला एकसारखेच वाटू लागतात. लग्नघरातल्या गलबल्यात किंवा वर्गातल्या मागच्या बाकावर हे प्रथम प्रत्ययास येते. आणि कानांतली शीळ एकदा कायमची बसली, म्हणजे शांत खोलीसुद्धा शांत राहत नाही.

तेव्हा उपाय बाहेरचाच हवा. कापसाचा बोळा हा उपाय नव्हे. त्यातून ध्वनी जवळजवळ तसाच आत जातो. मऊ फेसाळ रबरासारखे बूच मात्र उत्तम काम देते, ते नीट बसले तर! या ‘तर’वरच सारे अवलंबून आहे. पुष्कळ लोक बूच जसेच्या तसे कानाच्या दारात टेकवितात व कान झाकला असे समजतात. खरी रीत अशी : हात स्वच्छ करून बूच बोटांत वळून वातीसारखे बारीक करावे, दुसरा हात डोक्यामागून आणून त्याने कानाची पाळ वर व मागे ओढावी, म्हणजे आतला वाकडा मार्ग सरळ होतो, मग ते खोल सारावे आणि फुगून घट्ट बसेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरावे. नीट बसल्यावर स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो. वेष्टनावर २५ किंवा ३० डेसिबल असे आकडे छापलेले असतात, ते प्रयोगशाळेत काळजीपूर्वक बसविलेल्या बुचाचे असतात. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याच्या निम्मेच संरक्षण पदरी पडते.

कानांवरून घालावयाचे आच्छादन, ज्यास मैदानावर इअर-मफ म्हणतात, ते चढविण्यास सोपे असते. पण त्याची गादी कातडीला सर्व बाजूंनी चिकटली पाहिजे. चष्म्याची काडी, लांब केस किंवा टोपीची कड मध्ये आली की फट पडते. रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकताना आच्छादन किंचित उचलले जाते, हे तर नेमबाजाच्या ध्यानातही येत नाही. यास्तव मोठ्या रायफली चालविताना आणि बंदिस्त जागेत, जेथे बार भिंतींवर आपटून परत येतो, बूच व आच्छादन दोन्ही वापरावीत. दोहोंचे आकडे मिळवून बेरीज होत नाही. दुसऱ्यामुळे पाच-दहा डेसिबलच अधिक मिळतात. पण एवढ्याने ऊर्जा तिपटीपासून दहापटीपर्यंत घटते, हे वर पाहिलेच आहे.

एकूण किती बार कानावर पडतात, हाही प्रश्न आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे याने ज्या तीन स्थितींच्या रायफल-सामन्यात कांस्यपदक मिळविले, त्याच्या केवळ पात्रताफेरीत ६० बार मोजले जातात, सरावाचे निराळे. शेजारच्या नेमबाजांचे बारही आपल्याच कानी येतात. म्हणून आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम खेळाडूंसच नव्हे, तर फैरीच्या रेषेजवळील पंच व इतर सर्वांस कान झाकण्याचा आग्रह करतात. छात्रसेनेच्या चांदमारीत आपली पाळी येईपर्यंत मागे बसलेल्या मुलांना हे तितकेच लागू आहे. शिक्षकांनी बुचे पहिल्या फैरीच्या आधी वाटावीत, तिच्या नंतर नव्हे. आज्ञा ऐकू येणार नाहीत अशी शंका काहींना येते. त्यासाठी आज्ञेबरोबर हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

चुकून उघड्या कानांनी बार ऐकला व बधिरपणा किंवा शीळ दुसऱ्या दिवशीही राहिली, तर घरगुती तेल न घालता लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी उपचार दिवसांच्या हिशेबाने लवकर व्हावा लागतो. नियमित नेमबाजी करणाराने वर्षातून एकदा श्रवणाचा आलेख काढून घ्यावा आणि त्यापूर्वी निदान चौदा तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे. आलेखात ४००० कंपनांपाशी खळगा दिसू लागला, तर तो पुष्कळदा डाव्या कानाचा अधिक खोल असतो. उजव्या खांद्याला रायफल लावणाराचे डोके किंचित वळलेले असते. त्यामुळे डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो व उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो.