पर्यावरणशास्त्राची पदवी : जनसंवाद आणि लोकसेवेतील संधी

पर्यावरणशास्त्राचा पदवीधर म्हणजे प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारा, अशी समजूत आजही आढळते. प्रस्तुत लेखात या पदवीच्या जनसंवाद व लोकसेवा या दोन दिशांचा विचार केला आहे.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार, जनसुनावणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबरच राज्याच्या राजभाषेत वा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध होते. एवढ्या अवधीत ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’सारख्या संज्ञांचा आपल्या विहिरीशी काय संबंध आहे, हे ग्रामस्थांना उमगले नाही, तर सुनावणी केवळ उपचार ठरते. विषय जाणणाऱ्या आणि सुबोध मराठी लिहिणाऱ्या पदवीधराची गरज येथे भासते. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक समित्यांनी करावयाच्या लोकजैवविविधता नोंदवहीच्या कामातही हेच कौशल्य उपयोगी पडते.

लोकसेवेची वाट मात्र पदवीच्या नावाने आपोआप खुली होत नाही. नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते. याउलट, भारतीय वनसेवेसाठी विज्ञान पदवीधरांच्या विषयसूचीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र इत्यादी विषय आहेत, पर्यावरणशास्त्र नाही. सूचीतील किमान एक विषय पदवीला असावाच लागतो. म्हणूनच प्राध्यापकांचे मार्गदर्शन प्रथम वर्षाच्या विषयनिवडीच्या वेळीच मिळणे अगत्याचे आहे. अंतिम वर्षात ही उणीव भरून निघत नाही.