जुना ईसीयू घेताना

ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, नवा घ्यायचा तर खर्च मोठा. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे ईसीयू शोधले जातात. मात्र बिघाड ईसीयूतच आहे याची आधी खात्री हवी. पुष्कळदा दोष निघतो तो उडालेल्या फ्यूजमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरीत. कनेक्टरवर 12 व्होल्ट आणि अर्थ पोहोचतात का, हे मल्टीमीटरने काही मिनिटांत कळते.

लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. बाहेरून सारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळे असू शकतात. पिनांवर हिरवट थर दिसला तर तो तांब्याचा गंज. आत पाणी गेलेला असा ईसीयू फुकटही घेऊ नये.

खरी अडचण इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. त्याचा सांकेतिक क्रमांक ईसीयूच्या मेमरीत नोंदलेला असतो. दुसऱ्या गाडीचा ईसीयू बसवला की हा मेळ तुटतो. बऱ्याच गाड्यांत स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही, आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत राहतो. अशा वेळी मूळ ईसीयूतला डेटा वाचून बदली ईसीयूत उतरवतात. यालाच क्लोनिंग म्हणतात. मूळ बोर्डाची मेमरी शाबूत असेल तरच ते साधते, म्हणून बिघडलेला ईसीयू दुकानदाराला देऊन टाकू नये. ते जमत नसेल, तर ईसीयू, इमोबिलायझर आणि किल्ली असा एकाच गाडीचा संच घ्यावा.

एअरबॅगचे मॉड्यूल मात्र जुने घेऊच नये. त्याचा भूतकाळ तपासण्याची खात्रीची सोय गॅरेजमध्ये नसते, आणि तिथे चूक झाली तर जिवावर बेतते.