पार्किंगचे पैसे फुटपाथवर

लॉस एंजेलिसच्या ईशान्येला पॅसाडेना हे शहर आहे. तिथल्या जुन्या बाजारपेठेला ओल्ड पॅसाडेना म्हणतात आणि तिच्या मधोमध कोलोरॅडो बुलेव्हार्ड हा मुख्य रस्ता जातो. आज या रस्त्यावर लोक खास चालायला, खायला, दुकाने बघायला येतात. 1970 च्या दशकात मात्र तिथे गहाणवटीची दुकाने आणि पडायला आलेल्या इमारती होत्या, आणि वरचे मजले रिकामे पडले होते. हा बदल कसा झाला ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात मोठा वाटा एका नावडत्या वस्तूचा आहे: पार्किंगच्या मीटरचा.

सुरुवात 1929 पासून करावी लागते. मोटारी वाढल्या म्हणून त्या वर्षी हा रस्ता 28 फूट रुंद केला गेला. दोन्ही बाजूंच्या इमारतींचा दर्शनी भाग 14-14 फूट मागे घ्यावा लागला. म्हणून आज जे ‘जुने’ दर्शनी भाग दिसतात, त्यातले बहुतेक त्या रुंदीकरणानंतरचे आहेत. आपल्याकडे रस्तारुंदीत ज्यांच्या ओसऱ्या आणि ओटे गेले, त्यांना 14 फुटांची किंमत वेगळी सांगायला नको. एवढे देऊनही बाजार टिकला नाही. पुढच्या काळात गिऱ्हाईक मोटारीने लांबच्या मॉलकडे वळले.

मग शहराने मॉलच गावात आणला. जवळच कोलोरॅडो बुलेव्हार्डला लागून जुन्या इमारतींचे तीन ब्लॉक पाडून 1980 मध्ये ‘प्लाझा पॅसाडेना’ उभा राहिला. त्याची सगळी दुकाने आत तोंड करून होती. रस्त्याच्या बाजूला लांबच लांब भिंत. माणूस चालतो तो पुढे काहीतरी दिसत राहते म्हणून. दर पाच-सात पावलांवर दार, काच, पाटी, कोणी तरी उभे असलेले. भिंतीच्या कडेने कोणी हौसेने चालत नाही. हा मॉल पुढे बहुतांशी पाडावा लागला आणि 2001 मध्ये त्या जागी रस्त्याकडे दारे असलेली दुकाने आणि वर राहायची घरे आली.

उरलेली जुनी पेठ 1983 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आली, म्हणजे पाडापाडीला आळा बसला. पण यादीत नाव लागले म्हणून दुकान चालत नाही. खरी अडचण नियमात होती. जुन्या गोदामाचे हॉटेल करायचे, तर चौरस फुटांच्या हिशेबाने गाड्यांची ठरावीक जागा दाखवावी लागे. शंभर वर्षांपूर्वीच्या इमारतीने अख्खा प्लॉट व्यापलेला. गाड्या लावणार कुठे? शेजारची इमारत घेऊन पाडणे, एवढाच मार्ग. म्हणजे एक वारसा वापरात आणायला दुसरा मारायचा. 1987 मध्ये शहराने यातून वाट काढली. मालकाने स्वतः जागा करायची गरज नाही. दरवर्षी ठरावीक फी भरून त्याने सार्वजनिक पार्किंग इमारतींतल्या जागा आपल्या नावे धरायच्या. या एका बदलाने कित्येक बंद इमारती पुन्हा वापरात येऊ शकल्या. माझ्या मते मीटरइतकेच श्रेय या नियमाला द्यायला हवे, पण त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आता मीटर. रस्त्यावर दोन तासांची फुकट पार्किंग होती. फुकट असल्याने सकाळीच तिथे दुकानातल्या नोकरांच्या गाड्या लागत आणि दर दोन तासांनी इकडच्या तिकडे सरकवल्या जात. गणित साधे आहे: एक जागा आठ तास एकाच नोकराने अडवली, की तासाभरासाठी येणारी आठ गिऱ्हाइके परत जातात किंवा जागा शोधत चकरा मारतात. दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या लक्ष्मी रोडला गाडी घेऊन गेलेल्यांना हे पाठ आहे.

शहराने मीटर सुचवले तेव्हा दुकानदारांनी कडाडून विरोध केला. गिऱ्हाईक पळेल, ही त्यांची भीती. दोन वर्षे वाद चालला. शेवटी शहराने एक शब्द दिला आणि गाडे पुढे सरकले: या मीटरचा पैसा शहराच्या तिजोरीत मिसळणार नाही, याच पेठेवर खर्च होईल आणि कशावर करायचा यात दुकानदार व मालकांच्या मंडळाचे मत घेतले जाईल. विरोध करणारेच मग दर काय असावा आणि मीटर रात्री किती वाजेपर्यंत चालावेत, याची चर्चा करू लागले. 1993 मध्ये तासाला एक डॉलर दराने मीटर लागले, आणि तेही संध्याकाळी व रविवारी चालू.

दर कसा ठरवावा, यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर काम केले. त्यांचे सूत्र असे: सुमारे 85 टक्के जागा भरलेल्या राहतील इतकाच दर ठेवा. म्हणजे दर सात जागांमागे एखादी मोकळी सापडते. त्याहून जास्त भरल्या तर दर कमी पडतोय, बऱ्याच रिकाम्या राहिल्या तर जास्त होतोय. नोकरांच्या गाड्या पार्किंग इमारतीत गेल्या, रस्त्यावरची जागा गिऱ्हाइकाला मिळू लागली आणि चकरा मारणाऱ्या गाड्या कमी झाल्या, की चालणाऱ्यालाही रस्ता ओलांडणे सोपे जाते.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती यापुढची पायरी. मीटरच्या येणाऱ्या उत्पन्नावर शहराने 50 लाख डॉलर आधीच उभे केले आणि काम लगेच सुरू केले. लोकांनी नाणी टाकायला सुरुवात केली न केली, तोच फुटपाथ, झाडे, झाडांच्या बुंध्याभोवतीच्या जाळ्या, जुन्या धर्तीचे दिवे, बाके दिसू लागली. इमारतींच्या मागच्या घाणेरड्या गल्ल्या साफ करून चालायच्या वाटा केल्या. तिथे हॉटेलांची आणि दुकानांची दारे उघडली. लांबलचक ब्लॉकला मधूनच जायला वाट मिळाली की पायी चालणाऱ्याचे अंतर खरोखर तुटते. फुटपाथ रोज झाडले जाऊ लागले आणि महिन्यातून दोनदा वाफेने धुतले जाऊ लागले. 2001 मध्ये सुमारे 690 मीटरवाल्या या पेठेला खर्च वजा जाता जवळपास 12 लाख डॉलर मिळाले.

लॉस एंजेलिसमध्येच वेस्टवुड व्हिलेज ही पेठ आहे. एके काळी पॅसाडेनाचे लोकही संध्याकाळी तिकडे जात. तिथे धंदा उतरू लागला तेव्हा दुकानदारांच्या मागणीवरून 1994 मध्ये मीटरचा दर एक डॉलरवरून अर्ध्यावर आणला. गाड्यांच्या चकरा तशाच राहिल्या. मीटरचे पैसे शहराच्या तिजोरीत जात होते, त्यामुळे उखडलेला फुटपाथ दुरुस्त करायला पेठेच्या हाती काहीच आले नाही.

ओल्ड पॅसाडेनात सगळेच सुखाचे झाले असे नाही. रस्ता चालता झाला तशी भाडी चढली. पडत्या काळात स्वस्त जागा धरून राहिलेल्या छोट्या दुकानदारांना ती परवडेनात आणि त्यांच्या जागी देशभर शाखा असलेल्या मोठ्या कंपन्या आल्या. मीटरच्या पैशातून झाडलोट, दिवे आणि झाडे होतात. दुकानाचे भाडे मात्र मालक ठरवतो, आणि त्यावर या व्यवस्थेत कोणताच उपाय नव्हता.